तटाखालची बाग

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा चार दिवस नाशिकला राहायला आला, तेव्हा त्याच्या दप्तरात अभ्यासाचे एकही पुस्तक नव्हते; होते ते वीस बाजूंचे फासे, तासून टोकदार केलेल्या पेन्सिली आणि एक जाड वही, जिच्यात एक अख्खे राज्य मावले होते. तो आणि त्याचे चार मित्र मिळून एक खेळ खेळतात. एकाने जग रचायचे, बाकीच्यांनी त्या जगातली माणसे व्हायचे आणि पुढे काय घडेल ते फाशांवर सोडून द्यायचे, अशी त्याची साधारण रीत आहे. या वेळी जग रचण्याची पाळी भाच्याची होती. राज्याचे नाव त्याने नीलगड ठेवले होते. उत्तरेच्या बुरुजावर एक म्हातारा ड्रॅगन राहत होता, राजाच्या उजव्या हाताला सात बोटे होती आणि किल्ल्याखालच्या गावात दर अमावास्येला सावल्यांचा बाजार भरत होता. एवढी सगळी सिद्धता झाली होती. नव्हता तो फक्त नकाशा. आणि मावशीने तीस वर्षे नकाशे काढण्याचीच नोकरी केली, हे त्याला पक्के ठाऊक होते.

निवृत्त झाल्यावर माळ्यावर टाकलेला ड्रॉइंग बोर्ड मी खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि कडेने पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर त्यावर ताणून बसवला. भाचा शेजारी बसून सांगू लागला आणि मी काढू लागले. इथे टेकडी, टेकडीवर किल्ला, किल्ल्याला दुहेरी तट, पूर्वेला महादरवाजा, दक्षिणेला वळण घेऊन जाणारी नदी. तट आणि नदी यांच्यामध्ये एक लांबट, केळीच्या पानासारखी पट्टी उरली.

"इथे काय?" मी विचारले.

"तिथे काही नाही. रिकामं."

ज्या हाताने तीस वर्षे नकाशे काढले, त्या हाताला रिकामी जागा सहन होत नाही. मी काही न बोलता तिथे झाडांची लहान लहान वर्तुळे काढायला सुरुवात केली, त्यांच्यामधून एक पायवाट नेली आणि नदीच्या बाजूला चार बाके टाकली. भाचा वाकून पाहत होता.

"ही बाग आहे? राणीची?"

"राणीची कशाला? गावाची."

"मावशी, गावाची बाग किल्ल्याला चिकटून कशी असेल? शत्रू झाडावर चढून आत नाही का येणार?"

प्रश्न चोख होता आणि उत्तर माझ्या बाजूने नव्हते. सपाटीवरच्या किल्ल्यांचा इतिहास भाच्याच्याच बाजूने साक्ष देतो. तोफा आल्यानंतर तटासमोरची जमीन मुद्दाम मोकळी ठेवली जाऊ लागली, कारण चाल करून येणाऱ्याला आडोसा मिळता कामा नये आणि गोळ्याच्या वाटेत काही येता कामा नये. मुंबईच्या किल्ल्यासमोर इंग्रजांनी घरे आणि झाडे हटवून असेच मैदान राखले होते. १८६० च्या दशकात तट पाडले गेले, तरी मैदानाचे तुकडे शिल्लक राहिले, आणि आज आझाद मैदान, क्रॉस मैदान किंवा ओव्हल येथे क्रिकेट खेळणारी मुले खरे तर तोफेच्या माऱ्याच्या जागेत खेळत असतात. आपल्या नाशिकजवळच्या रामशेजच्या वेढ्यातही, १६८२ मध्ये मोगलांनी तो किल्ला घेरला तेव्हा, आत मारा करता यावा म्हणून त्यांनी लाकडाचा भलामोठा दमदमा उभारला होता. एवढे लाकूड कुठून आले असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. वेढा पडला की आधी झाडे मरतात आणि मग माणसे.

पण सह्याद्रीतले किल्ले सपाटीवरच्या किल्ल्यांच्या नियमाने चालत नाहीत, हेही मला भाच्याला सांगायचे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात गडाखालच्या घेऱ्यातली झाडी हीच गडाची राखण मानली आहे. ती प्रयत्नाने वाढवावी, तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये आणि वेळ पडली तर बंदूकवाले शिपाई त्या झाडीत बसवावेत, अशा अर्थाची ताकीद आहे. त्याच प्रकरणात गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे आणि वेलीसुद्धा लावून जतन कराव्यात असे म्हटले आहे. हे वाचून मन हरखते न हरखते तोच पुढचे कारण येते, की प्रसंगी निदान त्यांचे लाकूड तरी कामास येईल. पंतांचा हिशेब व्यवहारी होता आणि त्यात काही वावगे नव्हते. तरी मला त्या यादीतली फुलझाडे आणि वेली नेहमी खटकतात, म्हणजे चांगल्या अर्थाने खटकतात. चिंचेचे लाकूड समजू शकते; पण जाईच्या वेलीचे सरपण ते किती होणार? त्या ओळीत कुठेतरी व्यवहाराचा हात सुटून पंतांचे मन फुलाकडे गेले असावे, अशी माझी आपली समजूत आहे.

म्हणजे तटाशेजारी झाडे असणे किंवा नसणे, दोन्हींमागे युद्धच उभे होते. भाच्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला या दोन्हींपलीकडे सापडले, आणि ते व्हिएन्नाचे आहे. तिथे होफबुर्ग या राजवाड्याला लागून एक बुरूज होता. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेने माघारी जाताना तो सुरुंग लावून उडवून दिला. पडलेला बुरूज पुन्हा बांधण्याऐवजी त्या जागी बाग करण्यात आली आणि १८२३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिचे नाव फोल्क्सगार्टन, म्हणजे लोकांची बाग. आज ती गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे. राजवाडा तिथेच आहे, बाग त्याला खेटून आहे आणि गुलाबाच्या आडून राजवाड्यावर कोणी चाल करून येईल अशी भीती कोणाला वाटत नाही.

"म्हणजे बघ," मी भाच्याला म्हटले, "ज्या राजाला शत्रूची आणि स्वतःच्या गावाची, दोघांचीही भीती वाटत नाही, त्याच्याच तटाला लागून गावाची बाग असू शकते. तुझा राजा कसा आहे?"

तो बराच वेळ गप्प बसला आणि मग वहीत राजाच्या सात बोटांखाली काहीतरी लिहू लागला. काय लिहिले ते त्याने मला दाखवले नाही.

रात्री तो झोपल्यावर मी एकटीच बोर्डापाशी बसले. बाग काढता काढता लक्षात आले, की नीलगड या मुलाचा असला, तरी पेन्सिलीतून उतरत होते ते नाशिकच. माझे बालपण सराफ बाजाराजवळच्या एका वाड्यात गेले. लहानपणी मला सरकारवाडा हाच जगातला सर्वांत मोठा किल्ला वाटे. त्या उंच दगडी पायऱ्या चढताना पाय दुखत आणि वर पोचले की आपण कोणीतरी सरदार आहोत असे वाटे. खाली यशवंतराव महाराजांचे पटांगण आणि पुढे गंगा. कारण गोदावरीला गोदावरी म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. संध्याकाळी पटांगणावर म्हातारी माणसे बसत, मुले धावत, भेळभत्त्याची गाडी लागे, कोणी नुसतेच पाण्याकडे तोंड करून उभे असे. तिथे एक झाड नव्हते, गवताचे पाते नव्हते, सगळा दगड. तरीही वाड्यासमोरची, सगळ्यांची, कोणी हटकत नाही अशी जागा म्हणजे काय, हे मला त्या पटांगणाने शिकवले. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, अशी वाड्यात मोजदाद चाले, आणि पूर ओसरला की गाळ काढून माणसे पुन्हा तिथेच येऊन बसत.

नाशिकचा दुसरा किल्ला म्हणजे मातीची गढी. तिला किल्ला म्हणावे तर दरवर्षी पावसात तिची कड ढासळते आणि खालच्यांच्या जिवाला घोर लागतो. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा या टेकाडाखाली दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर निघाले. लोक राहिले, गेले, त्यांच्या खापरांवर पुढचे राहिले, असे करत ती गढी उंच झाली. भाच्याच्या किल्ल्याखालची टेकडी मी तशीच रंगवली, एकसंध खडकाची नव्हे, थराथरांची. कल्पनेतले गाव झाले म्हणून ते आभाळातून पडलेले कशाला दाखवायचे?

मोगलांच्या काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते, फुलबागांचे शहर. नाव गेले, पण आमच्या वाड्याच्या मागच्या चौकात बाबांनी त्याची जबाबदारी एकट्याने अंगावर घेतल्यासारखे गुलाब लावले होते. गुलाबाला डोळा भरताना मी त्यांच्या हाताशी बसत असे. रानगुलाबाच्या खुंटाची साल ते धारदार चाकूने आधी आडवी आणि मग उभी कापत, इंग्रजी टी अक्षरासारखी. चाकूच्या टोकाने साल दोन्ही बाजूंनी किंचित उचलत, चांगल्या जातीच्या काडीवरचा फुगीर डोळा सालीच्या ढलपीसह काढून त्या फटीत सरकवत आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळत, पण डोळा तेवढा उघडा ठेवत. या सगळ्याला मिनिटभर लागे आणि त्या मिनिटात कोणी बोललेले त्यांना चालत नसे. डोळा फुटला की खरे काम सुरू होई, कारण खालचा खुंटही फुटू पाहतो आणि वेळीच त्याची फूट काढली नाही, तर वरच्या कलमाचा जोर तोच खाऊन टाकतो. बाबा रोज सकाळी चष्मा लावून पाने मोजत आणि म्हणत, "रान परत यायला बघतंय."

नीलगडच्या बागेत मी गुलाबाचे चार वाफे काढले. शेजारी बकुळ काढली, कारण तिची फुले तोडावी लागत नाहीत, ती आपण होऊन खाली येतात आणि त्यामुळे 'फुले तोडू नयेत' ही पाटी लावावी लागत नाही. बहावा काढला, ताम्हण काढली. मधोमध मात्र गोरखचिंच काढली. आफ्रिकेतून आलेले हे झाड मांडवगडात भरपूर आहे. त्याचे खोड इतके अवाढव्य होते, की त्यापुढे शेजारचा दगडी बुरूजही बेताचाच वाटावा, आणि जुन्या झाडाच्या पोटात पोकळी होते. काल्पनिक जगासाठी वेगळे झाड कल्पावे लागू नये, इतके ते मुळातच काल्पनिक दिसते. भाच्याने सकाळी पाहिले तेव्हा त्याने एवढेच विचारले, की हे झाड उलटे का लावले आहे. पानगळीनंतरच्या गोरखचिंचेला हा प्रश्न सगळेच विचारतात.

पाण्याचा मुद्दा मी सोडला नाही. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे हे आपल्या पूर्वजांना कळत होते, मग बाग तर पाण्याशिवाय एक उन्हाळा काढत नाही. "तुझा ड्रॅगन पाणी कुठे पितो?" असे विचारल्यावर भाचा गडबडला, त्याने ड्रॅगनच्या आगीचा अंतरापर्यंत हिशेब केला होता, तहानेचा केला नव्हता. मग आम्ही किल्ल्यावर एक टाके खोदले, त्याचे भरून वाहणारे पाणी दगडी पन्हाळीतून तटाखाली उतरवले आणि बागेतून पाट काढून नदीला नेऊन सोडले. ड्रॅगन वरच्या टाक्यात पितो, राजाही तेच पितो आणि तेच पाणी पुढे गावाच्या गुलाबांना मिळते. ही माझी रचना मला स्वतःला फार आवडली, हे कबूल करते.

आता थोडे माझ्या नोकरीबद्दल सांगणे भाग आहे, कारण ही बाग मी इतक्या हट्टाने का काढत होते ते त्याशिवाय कळणार नाही. मी ज्या कार्यालयात होते तिथे वसाहतींचे ले-आउट आमच्या टेबलावरून जात. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते, तिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. नियम उत्तम आहे. व्यवहारात आधी रस्ते पडत, मग प्लॉट बसत, चांगले चौकोनी प्लॉट, आणि शेवटी नाल्याकडेचा किंवा विजेच्या तारांखालचा जो वाकडा त्रिकोण उरे, त्याला हिरवी पेन्सिल फासली जाई. ती हिरवी पेन्सिल माझ्या हातात होती. मी कितीदा तोंडाने कुरकुर केली आणि कितीदा मुकाट्याने रंग भरला, याचे प्रमाण काढायला बसले तर मला लाज वाटेल. एकदा एका वरिष्ठांना मी विचारले होते, की मोकळी जागा आधी ठरवून मग प्लॉट पाडले तर? ते हसले आणि म्हणाले, "बाई, बागा विकल्या जात नाहीत." त्यांचे बोलणे खोटे नव्हते.

त्यामुळे नीलगडचा नकाशा मी दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर पुन्हा काढला. आधी नदी, मग बाग, मग गावाचे रस्ते आणि सर्वांत शेवटी किल्ला. भाच्याला वाटले, की मावशी उगाच वेळ घालवते आहे. पण असा काढल्यावर किल्लाच थोडा मागे सरकला आणि दक्षिणेचा तट बागेला वळसा घालून गेला. राजाने बागेसाठी आपला तट वाकवला, असे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही वाटावे.

मग नियम ठरवायला बसलो. भाच्याला नियम फार आवडतात. खेळ नियमांवरच चालतो असे त्याचे म्हणणे आहे. शस्त्र दाराशी ठेवायचे, हे त्याने सुचवले. मी वेळेचे विचारले.

"सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ," तो चटकन म्हणाला. त्याच्या घराजवळच्या बागेच्या फाटकावर तशीच पाटी आहे.

हा एक विषय असा आहे, की ज्यावर मी शांतपणे बोलू शकत नाही. आपल्याकडच्या किती बागांना भर दुपारी कुलूप असते! सावलीची खरी गरज ज्या वेळी आहे, नेमक्या त्या वेळी सावली बंद. सकाळी चालायला येणाऱ्यांच्या घरी पंखा असतो, बहुधा एसीही असतो. दुपारी बाग लागते ती डोक्यावर पाटी घेऊन चार गल्ल्या फिरलेल्या भाजीवालीला, दोन खेपांच्या मधे डबा खाणाऱ्या हमालाला, दवाखान्यात नातेवाइकाला दाखल करून बाहेर ताटकळणाऱ्या माणसाला, आणि ज्यांना घरात बोलता येत नाही अशा दोन तरुण जिवांना. कुलूप लावणाऱ्यांची कारणे मला माहीत आहेत. माळ्यांना काम करता यावे, गैरप्रकार होऊ नयेत, देखरेखीला माणूस नाही. मी सरकारी टेबलावर तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे कारणे मला पाठ आहेत. पण सात बोटांच्या राजाच्या राज्यात देखरेखीला माणूस नाही, हे कारण मी चालू देणार नव्हते.

"बाग सूर्योदयापासून घंटा होईपर्यंत उघडी," मी सांगितले. घंटेची कल्पना अर्थात नारोशंकराच्या देवळावरून घेतलेली. वसईच्या १७३९ च्या विजयाची खूण म्हणून ती घंटा नाशिकला आली असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एका किल्ल्याच्या लढाईतून निघालेली वस्तू नदीकाठच्या देवळात येऊन राहिली. नीलगडमध्येही मी तसेच केले. कुठल्यातरी जुन्या युद्धात जिंकून आणलेली घंटा बागेच्या फाटकावर टांगली आणि तिला एकच काम दिले: अंधार पडला, आता घरी जा, एवढे सांगायचे.

भाचा नकाशा गुंडाळून घेऊन गेला. मी बोर्ड माळ्यावर ठेवला नाही, का ते सांगता येणार नाही. खिडकीशी उभा करून ठेवला.

आठवड्याने त्याचा फोन आला. आवाजात तक्रार होती. चौघे खेळाडू पहिल्याच दिवशी किल्ल्यावर चालून जाणार होते. ड्रॅगनला कसे गाठायचे याचा बेत त्यांनी आठवडाभर केला होता. वाटेत बाग लागली. दाराशी कुऱ्हाड, धनुष्य आणि जादूची काठी ठेवून ते आत गेले आणि बाहेर निघेनात. एकाने पाटात पाय सोडले. दुसरा बाकावर बसलेल्या भाजीवालीशी बोलू लागला, आणि तिचे नाव, तिचे गाव, ड्रॅगनबद्दल तिचे मत हे सगळे भाच्याला जागच्या जागी रचावे लागले. तिच्या मते ड्रॅगन म्हातारा झाला असून त्याला आता ऐकू येत नव्हते. तासभर एकही फासा पडला नाही.

"आणि मावशी," तो म्हणाला, "त्यांनी विचारलं, माळी कुठे राहतो? मी नकाशा सगळा बघितला. कुठेच नाहीये."

मी फोन कानाशी धरून बोर्डाकडे पाहत राहिले. पाट होता, पन्हाळ होती, गुलाबाचे चार वाफे होते आणि बाकांची संख्यासुद्धा ठरलेली होती. डोळा भरायला कोण बसणार, खुंटाची फूट रोज सकाळी कोण काढणार, घंटा कोण वाजवणार, याचा मला दोन दिवसांत एकदाही विचार सुचला नव्हता. देखरेखीला माणूस नाही हे कारण मी चालू देणार नव्हते, आणि माणूसच विसरले होते.

"त्यांना काय सांगितलंस?" मी विचारले.

"गोरखचिंचेच्या आत राहतो म्हणालो. पण ते अंधारं असणार ना? आणि त्याची बायको, मुलं?"

मी त्याला थांबायला सांगितले, फोन टेबलावर उताणा ठेवला आणि नवा कागद ताणला. फाटकाच्या आत, बकुळीच्या जरा पलीकडे, जिथून चारही वाफे दिसतात आणि पाट हाताशी आहे अशी जागा पाहून दोन खोल्या काढल्या, प्रत्येकी दहा बाय बारा. पूर्वेला खिडकी दिली. मागे मोरी आणि तुळशीपुरता चौक काढला.

"किती मुलं आहेत त्याला?" मी फोनकडे वाकून विचारले, म्हणजे तिसरी खोली लागते का ते बघता येईल.